‘द हाँटिंग’ आणि भीतीचे चुकीचे माप

रॉबर्ट वाइज यांच्या १९६३ सालच्या ‘द हाँटिंग’ या चित्रपटावरून कोल्हापुरातल्या सिनेमावेड्या मंडळींत सध्या वाद रंगला आहे. तो ऐकताना असे वाटते की बोलणारा प्रत्येक जण चित्रपटाबद्दल कमी आणि स्वतःच्या काळजाबद्दल जास्त बोलतो आहे. शहरातल्या एका छोट्या गटाने हा कृष्णधवल चित्रपट दाखवला आणि त्यानंतर दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, जवळजवळ दोन तास बसून भूत काही दिसले नाही, नुसती दारे वाजली. हा कसला भयपट? चहाच्या गाड्यावर एका तरुणाने ते अधिक नेमके सांगितले : “भावा, दारंच वाजवत बसलाय की नुसता!” दुसऱ्या तटाचे म्हणणे, ज्यांची नजर मोबाइलवर पोसली त्यांना सूचकता काय कळणार, न दाखवता घाबरवणे हीच खरी कला. मला दोन्ही बाजू सारख्याच फसलेल्या वाटतात, कारण दोघांच्या हातात मोजपट्टी एकच आहे. एकाला भीती वाटली नाही म्हणून चित्रपट टाकाऊ, दुसऱ्याला वाटली म्हणून थोर. या चित्रपटाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे, असे माझे मत आहे. ज्या घरातून शहाणा माणूस पहिल्याच रात्री पळ काढेल, त्या घरात एलेनॉर नावाच्या बाईला कायमचे राहावेसे का वाटते, हे तो आपल्याला पटवतो का? पटवतो, असे मी म्हणेन, आणि त्याचे मोठेपण तिथेच आहे. अंगावर काटा आला की नाही, हा मुद्दा त्यानंतरचा.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शर्ली जॅक्सन यांच्या १९५९ च्या कादंबरीवरून तो बेतलेला आहे. न्यू इंग्लंडमधले हिल हाउस हे ह्यू क्रेन नावाच्या कर्मठ माणसाने बांधलेले घर. त्याची पहिली बायको घर दिसण्याआधीच आवारातल्या झाडावर बग्गी आदळून मरते, दुसरी जिन्यावरून पडून मरते. मुलगी ॲबिगेल लहानपणीच्याच खोलीत म्हातारी होते. शेवटच्या रात्री ती काठीने भिंत ठोकून सोबतिणीला बोलावत राहते. सोबतीण येत नाही. पुढे त्या सोबतिणीला घर वारशाने मिळते आणि ती ग्रंथालयातल्या गोल जिन्यावर गळफास घेते. अशा घरात डॉ. मार्कवे नावाचे संशोधक अतींद्रिय अनुभव असलेल्या माणसांना बोलावतात. त्यांपैकी दोघीच येतात : दुसऱ्याच्या मनातले ओळखणारी थिओ आणि जिच्या घरावर लहानपणी दगडांचा वर्षाव झाला होता ती एलेनॉर. घराचा भावी मालक ल्यूक हा चौथा. यानंतर पडद्यावर जे घडते ते मोजायला बसलो तर खरोखरच बोटांवर मावेल.

म्हणून पहिल्या तटाची तक्रार झटकून टाकता येत नाही. दुसऱ्या तटाने ती झटकली, इथेच वादाचा विचका झाला. सिनेमा डोळ्यांनी पाहायचा असतो, आणि ज्याची जाहिरात ‘थरकाप उडवणारा’ अशी केली त्याच्याकडे थरकाप मागणे हा प्रेक्षकाचा हक्क आहे. शिवाय चित्रपटात दोष आहेत. एलेनॉरच्या मनातले विचार तिच्याच आवाजात सतत ऐकू येतात, आणि एलेनॉर झालेल्या ज्युली हॅरिस यांचा चेहरा जे आधीच सांगून गेला आहे तेच तो आवाज पुन्हा सांगतो. डॉ. मार्कवे व्याख्यान देऊ लागले की गोष्ट बसकण मारते. ल्यूकच्या कोट्या बहुतेक वेळा फुकट जातात. साठ वर्षांत या चित्रपटातल्या युक्त्या इतक्यांनी उचलल्या आहेत की आज मूळ पाहणाऱ्यालाच ती नक्कल वाटावी. हे सगळे मान्य करूनही एवढे म्हणता येते की हे आक्षेप चित्रपटाच्या हातोटीवर आहेत आणि त्यांवर वाद घालता येतो. ‘मी घाबरलो नाही’ हा आक्षेप नाही, ती बातमी आहे. तिच्यावर कुणी काय बोलणार?

ही बातमी फारशी भरवशाची नसते, हेही लक्षात घेतले पाहिजे. ज्या सभागृहात खेळ झाला तिथे मागच्या दाराच्या फटीतून बाहेरच्या ट्यूबलाइटचा पट्टा पडद्याच्या कोपऱ्यावर पडत होता. पंखे चालू होते, आणि हिल हाउसच्या भिंतीवर पहिले धक्के बसू लागले त्याच सुमाराला बाहेर कुणीतरी बुलेट सुरू केली. हंफ्री सर्ल यांचे संगीत आणि त्याहून महत्त्वाची म्हणजे त्या धक्क्यांची घनगंभीर थरथर त्या स्पीकरमधून आम्हाला निम्मीच मिळाली असेल. उद्या हाच चित्रपट कुणी पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एखाद्या एकाकी बंगल्यात पावसाळी रात्री एकट्याने पाहिला तर त्याची बातमी निराळी असेल. मग चित्रपट बदलला का? दुसऱ्यांदा पाहताना पुढे काय होणार हे ठाऊक असल्याने भीती ओसरते. तरी लोक चांगला भयपट पुन्हा पुन्हा पाहतात. भीती हेच फळ असते तर खाऊन झालेली कोय पुन्हा चघळायला कोण येईल? आणि सभागृहात दोन-तीन ठिकाणी हशा पिकला तो ‘लोकांना भीती वाटली नाही’ याचा पुरावा म्हणून सांगितला जातो, तेव्हा माणसे नेमकी कधी हसतात याचाही विचार व्हायला हवा. मयताच्या घरी, परीक्षेच्या आधी, अंधाऱ्या बोळातून जाताना गटाने चाललेली पोरे मोठ्याने हसतात, ती काही निर्धास्त असतात म्हणून नव्हे.

आपल्याकडे या गोष्टीचा विचार नव्याने करण्याची गरजही नव्हती. भयानक रस कशाने उत्पन्न होतो याची जी यादी नाट्यशास्त्रात आहे, तिच्या आरंभीच विकृत रव, म्हणजे विचित्र आवाज, येतो. त्यापाठोपाठ भुताखेतांचे दर्शन येते, कोल्हे-घुबडे येतात, आणि ओस घरात किंवा अरण्यात जाणे येते. नुसती दारे वाजवणारे रिकामे घर नाट्यशास्त्रकार भरताच्या हिशेबी पुरेसे सामान आहे. पण त्याहून महत्त्वाचा मुद्दा नाट्यशास्त्राचा टीकाकार अभिनवगुप्त याचा. भयानक रसाचे उदाहरण म्हणून त्याने शाकुंतलाच्या पहिल्या अंकातले हरिण घेतले. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे, हरिण डौलदार मान वळवून पुन्हा पुन्हा मागे पाहते आहे, बाण लागेल या भीतीने शरीराचा मागचा भाग पुढच्या भागात ओढून घेते आहे, आणि दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर गळत आहेत. हे वाचताना कुणाला बाण आपल्याला लागेल असे वाटते? कुणालाही नाही. तरीही त्या श्लोकात भय आहे, लख्ख आहे. अमुक हरिणाचे, अमुक वेळचे असे न राहता ते भय म्हणूनच आपल्यापुढे येते. सभागृहात कोण किती दचकले यावर रसाचा निवाडा करायचा ठरवला तर कालिदासाचा तो श्लोक नापास करावा लागेल. दुःखाच्या बाबतीत आपण ही चूक करत नाही. शोकांतिका पाहून आलेल्याला ‘रुमाल किती भिजला’ असे विचारून नाटकाची प्रत ठरवणारा समीक्षक मराठीत टिकला नसता. भयपटाच्या बाबतीत मात्र अख्खे शहर तेच विचारते आहे.

आता दुसऱ्या तटाकडे वळतो. माझे त्यांच्याशी भांडण जास्त आहे, कारण ते चित्रपटाच्या बाजूने बोलतात आणि चित्रपटावर अन्याय करतात. ‘न दाखवण्यातच कला’ हे त्यांचे ब्रीदवाक्य. पण वाइज यांनी खरोखर काय दाखवले नाही? फक्त भूत. बाकी सगळे त्यांनी हट्टाने दाखवले आहे. हिल हाउसचे अंतर्भाग अंधारात बुडालेले नाहीत. ते लख्ख उजेडात, नक्षी, आरसे, पुतळे यांच्या गर्दीसह दिसतात. दृश्यस्थळांना छतेही बांधली, त्यामुळे खोली वरून दाबते आहे असे वाटते. बाहेरून दिसणारे घर म्हणजे इंग्लंडमधल्या वॉरिकशायर परगण्यातला एटिंग्टन पार्क हा खराखुरा वाडा. तो अवरक्त किरणांना संवेदनशील असलेल्या फिल्मवर टिपला, म्हणून दगड न् दगड उठून दिसतो आणि आभाळ काळवंडते. भिंगांचे तर प्रकरणच आहे. पॅनाव्हिजन कंपनीकडे तीस मिलिमीटरचे एक रुंद भिंग होते, पण त्यातून प्रतिमा कडेला वाकडी होत असे आणि कंपनी ते द्यायला तयार नव्हती. भिंग सदोष आहे याची आपल्याला कल्पना आहे, असे लेखी दिल्यावरच ते वाइज यांना मिळाले. त्या वाकडेपणाचाच त्यांनी उपयोग केला, आणि हिल हाउसमध्ये एकही कोन काटकोन नाही हे संवादातून कळण्याआधी डोळ्यांना जाणवू लागते. स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्यावर चित्रपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावात या गोष्टीचे कौतुक कुणाला सांगावे लागू नये.

दाराचा प्रसंग घ्या. दिवाणखान्यात चौघे बसले आहेत, बाहेर काहीतरी दाराशी आले आहे, आणि बंद दार आतल्या बाजूला फुगू लागते. श्वास घ्यावा तसे फुगते आणि ओसरते. पातळ लाकडाचे थर चिकटवून केलेले दार आणि त्याच्यामागून रेटणारा एक दणकट माणूस, एवढीच ती करामत. पण ती पडद्यावर आहे, भर उजेडात आहे, कॅमेरा तिच्याकडे रोखून पाहतो. याला ‘न दाखवणे’ म्हणायचे असेल तर शब्दांना काही अर्थच उरत नाही. उलट मागच्या पिढीतल्या कुठल्याही वाड्यात राहिलेल्या माणसाला हे दृश्य अनोळखी वाटू नये. पावसाळ्यात सागवानी दार फुगते, चौकटीत अडकते, मध्यरात्री आपोआप कुरकुरते, आणि सोप्यावर झोपलेल्या पोराला ते आत येऊ पाहणाऱ्या कुणाचे तरी वाटते. वाइज यांनी तेच दार घेतले आणि त्याला जरा जास्त फुगू दिले.

सूचकतेला तत्त्व बनवणाऱ्यांना इतिहासही आठवून द्यायला हवा. वाइज ज्या शाळेत शिकले ती व्हॅल ल्यूटन यांची. १९४२ च्या ‘कॅट पीपल’पासून आर. के. ओ. स्टुडिओत ल्यूटन यांनी तुटपुंज्या पैशांत भयपट काढले. सावल्या, आवाज आणि रिकामे रस्ते यांवर भिस्त ठेवली, कारण हुबेहूब राक्षस उभा करण्याइतके पैसे नव्हते. वाइज यांचे दिग्दर्शक म्हणून पहिले श्रेय याच ल्यूटनांच्या ‘द कर्स ऑफ द कॅट पीपल’वर, १९४४ मध्ये आले. त्याआधी ‘सिटिझन केन’चे संकलन त्यांनी केले होते. म्हणजे ज्याला आज आपण उच्च अभिरुची म्हणतो तिच्या मुळाशी रिकामा खिसा होता. त्यात कमीपणा काही नाही. पण रिकाम्या खिशातून निघालेली युक्ती सर्व काळांसाठी नीतिनियम कशी होईल? आणि कोल्हापूरकरांनी तरी हा नियम कोणत्या तोंडाने सांगावा? १९२० साली महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’त बाबूराव पेंटरांनी कीचकाचा वध इतका हुबेहूब दाखवला की तो भाग सरकारने कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले ते अशाच कामगिरीसाठी. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभासमोर उभे राहून ‘दाखवणे म्हणजे भडकपणा’ असे म्हणायचे असेल तर आधी त्या कीचकाची माफी मागावी लागेल. दाखवायचे की झाकायचे, हे त्या-त्या कथेला काय हवे यावर ठरते. भीमाची ताकद दिसली नाही तर द्रौपदीचा सूड अपुरा राहतो. हिल हाउसमधले भूत दिसले तर एलेनॉरची गोष्ट संपते. ती का, हे पुढे येईलच.

एका सवयीचाही इथे उल्लेख केला पाहिजे, कारण तरुणांच्या नाराजीत तिचा वाटा मोबाइलपेक्षा मोठा आहे. आपल्या हिंदी चित्रपटांनी भुताटकीच्या दोन रीती पाडल्या. पहिली ‘महल’ची. १९४९ च्या त्या चित्रपटात कमाल अमरोही यांनी पछाडलेली हवेली, झुल्यावरची मधुबाला आणि लताबाईंचा आवाज यांनी प्रेक्षकाला भारून टाकले, आणि शेवटी ते भूत माळ्याची मुलगी निघाले. ‘बीस साल बाद’, ‘वो कौन थी’ याच वाटेने गेले. भूत म्हणजे कुणाचा तरी डाव. दुसरी रीत रामसे बंधूंची, ‘पुराना मंदिर’ची, जिथे सैतान खराच असतो आणि शेवटी त्याचा निकाल लावायचा असतो. दोन्हींत खेळ सुटण्याआधी हिशेब चुकता होतो. ‘द हाँटिंग’ हिशेब चुकताच करत नाही. घर खरोखर पछाडलेले आहे की एलेनॉरचे मन, हे तो शेवटपर्यंत सांगत नाही, त्यामुळे ज्याला पहिल्या किंवा दुसऱ्या रीतीची सवय आहे त्याला पैसे बुडाल्यासारखे वाटते. ही नाराजी मला समजते. तिला ‘अडाणीपणा’ म्हणणे हा शुद्ध तोरा आहे. पण समजून घेतल्यावरही विचारता येते : हिशेब चुकता न करण्यामागे चित्रपटाचे काही कारण आहे, की तो नुसता चकवा आहे?

कारण आहे, आणि ते एलेनॉरमध्ये आहे. अकरा वर्षे तिने अंथरुणाला खिळलेल्या आईचे केले. आईला काही लागले की ती भिंत ठोकायची. एका रात्री भिंत ठोकली गेली आणि एलेनॉर गेली नाही. झोपेत ऐकू आले नाही की ऐकूनही उठली नाही, हे तिचे तिलाही सांगता येत नाही. आई गेली. आता ती बहिणीच्या घरी, बैठकीच्या खोलीतल्या कोचावर झोपते. मोटारीत तिचा अर्धा वाटा आहे, तरी किल्ली मागितली की बहीण नकार देते. म्हणून ती गाडी न सांगता घेऊन निघते. अशी बाई हिल हाउसमध्ये पहिल्या रात्री भिंतीवरचे धक्के ऐकते आणि अर्धवट झोपेत आईला सांगते की आलेच. सगळा चित्रपट या एका क्षणात आहे. बाहेर ॲबिगेलची काठी ठोकते आहे की आईची, हा फरक एलेनॉरला उरलेला नाही, आणि म्हणूनच प्रेक्षकालाही तो फरक दाखवून चालणार नाही. भूत स्पष्ट दिसले असते तर ठोकणारे बाहेरचे ठरले असते, आणि एलेनॉर निव्वळ बळी. भूत नाहीच असे ठरले असते तर ती वेडी. दोन्ही निकाल तिला खोलीबाहेर काढतात.

यानंतर जे घडते ते भीतीपेक्षा ओढीचे आहे. भिंतीवर खडूने तिच्या नावासह घरी येण्याचे आर्जव लिहिलेले सापडते. बाकीचे घाबरतात, तीही घाबरते, पण जन्मात कुणी तिचे नाव घेऊन तिला घरी बोलावले नव्हते, हेही तिच्या चेहऱ्यावर दिसते. रात्री अंधारात ती थिओचा हात घट्ट धरून पडून राहते आणि दिवा लागल्यावर कळते की थिओ खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे. मग इतका वेळ धरलेला हात कुणाचा? या प्रसंगाला सभागृहात चांगलीच शांतता होती, हे भीती न वाटलेल्यांनीही कबूल केले आहे. पण त्या प्रसंगात हात धरण्याची गरज आधी येते आणि दचका नंतर, ही गोष्ट कुणी बोलत नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या उशापायथ्याशी बसलेल्या बाईला आपला हात धरणारे कुणीतरी मिळाले होते. आपल्या पेठांतल्या किती घरांत अशी एक आत्या किंवा मावशी असते, जिचे लग्न आजारी आईपायी राहिले आणि आई गेल्यावर जिचे अंथरूण नेमके कुणाच्या खोलीत घालायचे याची सणावारी कुजबुज चालते? त्यांना हा चित्रपट दाखवा आणि मग विचारा, भूत कुठे आहे ते.

हा दावा पडताळून पाहण्याची सोयही झालेली आहे. १९९९ साली यान द बाँट यांनी याच कथेवर पुन्हा चित्रपट काढला. संगणकाने घडवलेले पुतळे हलतात, पडदे चेहरे धारण करतात, ह्यू क्रेन प्रचंड आकार घेऊन पडद्यावर अवतरतो. पहिल्या तटाने मागितलेले सगळे त्यात आहे. आणि भूत दिसताक्षणी एलेनॉरचे काय होते पाहा : ती क्रेनच्या घराण्याशी नाते असलेली निघते, त्याने अडकवून ठेवलेल्या मुलांच्या आत्म्यांना सोडवणारी वीरांगना होते. एकाकी बाईची ओढ गेली आणि सुष्ट-दुष्टांची लढाई आली. चित्रपट वाईट का झाला याची कारणे अनेक सांगता येतील, पण ‘दाखवले म्हणून वाईट’ हे त्यांतले सर्वांत आळशी कारण आहे. दाखवण्यासाठी त्यांना वेगळी बाई लिहावी लागली, हे खरे कारण.

एक आक्षेप उरतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. आमच्या शहरातले काही पुरोगामी कार्यकर्ते म्हणाले की ज्या महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अठरा वर्षे झगडावे लागले आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये तो आला, ज्या कोल्हापुरात २०१५ साली कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तिथे पछाडलेल्या घरांच्या गोष्टींचे सोहळे कशाला? भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारहाण करणे हा त्या कायद्याने आपल्या अनुसूचीतल्या पहिल्याच नोंदीत गुन्हा ठरवला, कारण तसे खरोखर घडते, आणि मार खाणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने असतात. या माणसांना ‘कलेत सगळे चालते’ असे उत्तर देणे उद्धटपणाचे होईल. भयपट पाहून कुणी मांत्रिकाकडे जात नाही असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि रामसेछाप चित्रपटांतली ‘झपाटलेली’ बाई पाहून मलाही अनेकदा संताप आला आहे.

पण याच कार्यकर्त्यांना त्यांच्याच कामाची आठवण करून द्यावीशी वाटते. घरावर दगड पडणे, कपडे पेटणे, अन्नात घाण सापडणे याला आपण भानामती म्हणतो. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी अशा घरांत जाऊन काय केले? ‘हे सगळे थोतांड आहे’ असे ओरडून ते परत आले नाहीत. घरातल्या एकेकाशी स्वतंत्रपणे बोलत बसले, आणि बहुतेक वेळा त्यांना असे कुणीतरी सापडले, जे त्या घरात घुसमटत होते, ज्याला आपले दुःख सांगायची दुसरी सोय नव्हती. कार्यकर्त्यांनी त्याला चव्हाट्यावर न आणता, त्याची घुसमट कमी होईल असे पाहिले, आणि दगड थांबले. एलेनॉरच्या बालपणीचा दगडांचा वर्षाव म्हणजे दुसरे काय आहे? ते शेजाऱ्यांनी मारले असे आई सांगत असे, आणि मोठेपणीही एलेनॉर तेच सांगते. डॉ. मार्कवे तिला बोलावतात ते या दगडांसाठी. विज्ञानाच्या नावाने ते घराचे तापमान, आवाज, हालचाली यांच्या नोंदी ठेवतात. समोरची बाई कोचावर झोपते, तिला जायला ठिकाण नाही, ही नोंद मात्र ते कुठेच करत नाहीत. ती ढासळू लागली आहे असे दिसल्यावर तिच्याच भल्यासाठी तिला गाडीत बसवून घरी पाठवायचे ठरवतात. कोणत्या घरी? भानामतीचा शोध नीट घेणारा कोणताही कार्यकर्ता हा प्रश्न आधी विचारेल. या संशोधकाला तो सुचत नाही, आणि त्याची किंमत तो चुकवत नाही, एलेनॉर चुकवते. अंधश्रद्धेच्या बाजूचा चित्रपट भुताची सत्ता सांगतो. हा चित्रपट संशोधकाच्या दुर्लक्षाचा पंचनामा करतो. पुरोगाम्यांनी त्याच्यावर बहिष्कार घालण्याऐवजी त्यांच्या शिबिरात तो दाखवायला हरकत नसावी, फक्त पंखे बंद करून.

शेवटी एलेनॉरची गाडी आवारातल्या त्याच झाडावर आदळते, जिथे क्रेनची पहिली बायको मेली होती. सुकाणू घराने फिरवले की एलेनॉरने, यावर आपल्याकडे रात्र-रात्र चर्चा झाली आहे आणि दोन्ही तटांनी आपापले पुरावे मांडले आहेत. पडद्यावरही प्रेताशेजारी उभे राहून पुरुष तेच करतात : मार्कवे कार्यकारणभाव लावू पाहतात, आणि ल्यूक म्हणतो की हे घर जाळून जमिनीवर मीठ पेरले पाहिजे. ‘बिचारी’ हा शब्द निघतो तेव्हा एकटी थिओ तो मान्य करत नाही. एलेनॉरला इथेच राहायचे होते, दुसरीकडे जायला तिला ठिकाणच नव्हते, असे ती म्हणते. हे वाक्य ऐकायला घाबरावे लागत नाही, आणि इतक्या चर्चांत ते अजून एकाही वक्त्याच्या तोंडी आलेले नाही.